काकांच्या शहापुरात पाच दिवस

पहिला दिवस : पुणे, निपाणी, शहापूर

माझ्या चुलतबहिणीच्या मराठीत एक खोड आहे. ती स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असं म्हणते. तिचा जन्म अमेरिकेतल्या मिल्वॉकीचा आणि मराठी ती बापाकडून शिकलेली, त्यामुळे बापासारखं बोलते, अशी आम्ही पुणेकरांनी समजूत करून घेतली होती. दर भेटीत कुणी ना कुणी तिला सुधारायचंच. "आले म्हण गं, आलो नाही." ताई निमूट 'आले' म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात परत 'मी निघतो'.

कोगनोळीचा टोलनाका ओलांडून आपण कर्नाटकात शिरतो आणि लगेच निपाणी येते. पाऊस बारीक पडत होता. निपाणीजवळ हायवेला एका टपरीवर चहाला थांबलो. ताई टपरीवाल्या मावशींना म्हणाली, "मावशी, मी जरा हात धुऊन येतो." मावशी किटली खाली ठेवत म्हणाल्या, "जावा की. मीबी तिकडंच निघालो होतो, चला दावतो."

ताई जागच्या जागी थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? तीस वर्षं सुधारताय मला."

निपाणी-कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. ताईचं 'आलो' तिथलं असेल, हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी मुलीला शिकवली ती आपल्या आईची, बहिणीची मराठी. आम्ही ती चूक धरून बसलो होतो.

जाण्याचं कारण दुहेरी होतं. काका गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मिल्वॉकीला वारले, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. वर्षश्राद्ध बेळगावातल्या शहापूरच्या घरात व्हावं हा आत्याचा हट्ट. शिवाय त्या घराच्या उताऱ्यावर काकांचं नाव होतं आणि वारस लावायचे होते. ताई आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईला उतरले, दोन दिवस पुण्यात राहिले आणि आम्ही तिघं माझ्या गाडीनं निघालो.

पुणे-बेळगाव साधारण 340 किलोमीटर. नकाशा सहा तास दाखवतो, पण रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते धरून आठ तास हाताशी ठेवा. निपाणी सुटल्यावर तवंदी घाटात ऑगस्टमध्ये धुकं असतं, तिथं घाई करू नका. दुकानांच्या पाट्यांवरची कन्नड अक्षरं वाढत जातात, पण टपरीवर, पंपावर, पंक्चरवाल्याकडे मराठी सगळीकडे चालते. हायवेवर बेळगावच्या अलीकडे काकती लागतं, ते कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर.

शहापूर आज बेळगावचाच भाग आहे, पण संस्थानी काळात ते सांगलीकर पटवर्धनांच्या ताब्यात होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानाचं. आमचे आजोबा विणकर, घरात दोन हातमाग. शहापूरची साडी तेव्हा नाव राखून होती. आत्या अजून त्याच गल्लीत राहते. गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून बाहेर लावून बॅगा ओढत गेलो.

आत्या उंबऱ्यात उभी. एकोणऐंशीची, पाठीत वाकलेली. "येऊल्यात येऊल्यात म्हणून सकाळधरनं दार उघडं ठेवलंय," म्हणाली. बेळगावात 'येतायत'चं 'येऊल्यात' होतं, 'करतोय'चं 'करूलोय'. भाच्याची हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड उजेडाकडे फिरवलं. "अण्णाचं नाक." अण्णा म्हणजे काका.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी बासमतीचा भात. हा बेळगावी बासमती वेगळा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात पिकतो, दाणा काही देहरादूनसारखा लांब नाही, पण शिजताना वास गल्लीत जातो. ताईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "बाबा कुठल्याही भाताला नावं ठेवायचा. आईला वाटायचं तिच्या हातालाच ठेवतोय."

दुसरा दिवस : गोकाक

श्राद्धाची तिथी तिसऱ्या दिवशी होती, म्हणून मधला दिवस गोकाकला दिला. बेळगावहून साठ-पासष्ट किलोमीटर, दोन तास धरा. पावसाळ्यात गेलात तरच जा. मार्चमध्ये जाऊन नुसता कातळ बघून आलेली माणसं मला माहीत आहेत.

घटप्रभा तिथं एका घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून खाली पडते. उंची सुमारे 52 मीटर. ऑगस्टमध्ये पाणी पांढरं नसतं, चहाच्या रंगाचं असतं, आणि धबधबा दिसायच्या आधी छातीत जाणवतो. वरच्या अंगाला झुलता पूल आहे, तो आम्ही गेलो तेव्हा बंद होता. कठड्याच्या अलीकडूनच बघा, दगड शेवाळानं गुळगुळीत असतात. काठावर चालुक्यांच्या वेळची देवळं आहेत, बरेच लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात.

धबधब्याला लागून जुनी सूतगिरणी आहे, 1880च्या दशकातली. पडत्या पाण्याच्या जोरावर ती चालवायची म्हणून इतक्या आडबाजूला बांधली. काका सातवीत असताना शाळेची सहल इथं आली होती. बाकीची पोरं धबधबा बघत होती आणि हा मास्तरांना विचारत राहिला, की पाणी आत कुठनं जातं आणि बाहेर कुठनं येतं. ही गोष्ट आत्यानं आदल्या रात्री सांगितली होती. घरी येऊन त्यानं आप्पांना म्हणजे आजोबांना सांगितलं, तुमचा माग पायानं चालतो, तिकडे पाण्यानं चालतात. आप्पा म्हणाले, "मग तिकडंच जा." बहुतेक रागानं म्हणाले असावेत.

कठड्याशी उभं राहून ताई हसायला लागली. "आम्ही लहान असताना नायगाराला गेलो होतो. अख्खा दिवस गाडी चालवून. सगळे आ वासून बघतायत आणि बाबा म्हणाला, उंचीला आमचा गोकाक काही कमी नाही. माझा भाऊ आणि मी वर्षभर ते शाळेत चिडवायला वापरत होतो. अवर गोकाक इज टॉलर." भाच्यानं तिथल्या तिथं फोन काढला. नायगाराचा मोठा धबधबाही पन्नास-पंचावन्न मीटरच्या आसपासच. काका बरोबर होते. अर्थात नायगाराची रुंदी त्यांनी सोयीनं काढली नाही.

परतीच्या रस्त्यात ताई बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. काका मला तसे फारसे माहीत नव्हते. माझ्या लेखी ते दोन-तीन वर्षांनी येणारे, वास वेगळा असणारे, कॅल्क्युलेटर आणि टँग आणणारे गृहस्थ. ताईचा बाबा दुसराच होता. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तो डिझाइनला होता. मिल्वॉकीत तसे कारखाने गल्लोगल्ली. हिवाळ्यात उणे वीसमध्ये तो पहाटे उठून बायकोच्या गाडीवरचा बर्फ आधी खरवडायचा, मग स्वतःच्या. मुलांच्या पोहण्याच्या क्लासला बाहेर गाडीत बसून राहायचा, कारण एकदा क्लास दहा मिनिटं लवकर सुटला आणि ताई दारात थंडीत उभी राहिली. त्यानंतर सात वर्षं दर शनिवारी तो गाडीतच बसला. पुस्तक वाचत नाही, रेडिओ नाही. "काय करायचास रे बाबा तिथं, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, दार बघायचो."

चिडायचाही भरपूर. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर बोलायचा नाही. गणितात चूक सापडली की पेन्सिल काढून घ्यायचा. "लोकांना वाटतं मेला म्हणून मी गोड बोलतो," ताई म्हणाली. "तसं नाही हां. फार ताप दिलाय त्यानं."

गोकाकहून येताना करदंट घ्या. गूळ, डिंक, सुका मेवा. 'करदंट' म्हणजे कन्नडमध्ये तळलेला डिंक. महिनाभर टिकतं, अमेरिकेच्या बॅगेत घालायला बेळगावच्या खव्याच्या कुंद्यापेक्षा बरं. दात पक्के असतील तरच लगेच खा.

तिसरा दिवस : ट्रंक

सकाळी श्राद्ध झालं. भटजी तरुण होते, मंत्र झाले की फोन बघायचे, पण काम नीट केलं. पिंड ठेवले आणि कावळा कुठे येईना. पाऊस. अर्ध्या तासानं आत्या पदर खोचून अंगणात गेली आणि आभाळाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, दोन्ही पोरं आल्यात. वाट काय बघूलाइस?" कावळा त्यानंतरही दहा मिनिटांनी आला. आत्याचं म्हणणं, अण्णा कधीच लगेच ऐकत नव्हता.

जेवणं झाल्यावर तिनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. काका 1964 साली सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल झाले, तीन-चार वर्षं पुण्यात नोकरी केली आणि 1968 साली शिकायला म्हणून अमेरिकेला गेले. 1965 साली अमेरिकेनं कायदा बदलला नसता तर शिकून परत यावं लागलं असतं. त्याआधी भारतातून कायमचं राहायला वर्षाला जेमतेम शंभर जणांना परवानगी होती. देशवार कोटा गेला आणि इंजिनियर-डॉक्टरांना दार उघडलं. इकडून निघताना परकीय चलन मिळायचं आठ डॉलर. रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांना झालेला, म्हणजे साठ रुपये. एवढे खिशात घालून शहापूरच्या विणकराचा पोरगा मिल्वॉकीला उतरला.

माझे वडील धाकटे. ते मागे राहिले. आई-वडिलांचं आजारपण, घराची गळती, आत्याचं लग्न, सगळं त्यांच्याकडे. दर महिन्याला अमेरिकेतून बँकेचा ड्राफ्ट यायचा. 1982च्या ऑगस्टमध्ये आजी गेली. तार केली. काका आले नाहीत. मी सहा वर्षांचा होतो, मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं, की वडील दाराकडे पाठ करून बसले होते. नंतर भावाचा विषय निघाला की ते एकच वाक्य म्हणायचे : पैसे त्यानं पाठवले, पाणी मी पाजलं. 2015 साली ते गेले तोवर या वाक्यात काही बदल झाला नाही. मीही ते वाक्य तसंच उचललं होतं.

ट्रंकेत निळी हवाईपत्रं होती. वर्षावार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला मागाच्या सुताचा फेरा. आत्याला आता दिसत नाही, म्हणून ती म्हणाली, "वाच की." कुठलं वाचू विचारलं तर म्हणाली, "आई गेली त्या सालचं."

काकांचं अक्षर ड्रॉइंगच्या कागदावरचं असावं तसं, प्रत्येक अक्षर सुटं, शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. मार्च 1982च्या पत्रात होतं : 'इकडे काम जोरात चालू आहे. ओव्हरटाइम असल्याने पत्रास उशीर झाला, आईने काळजी करू नये. ड्राफ्ट वेगळ्या पाकिटाने धाडला आहे.' मेमधल्या पत्रातही काम जोरात. जूनच्या पत्रात, नवीन मशीन आलं आहे, सुटी मिळणे कठीण.

ताई भांडी पुसत होती. ती थांबली. "कुठलं साल म्हणालास?"

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशीत बाबा घरी होता."

आम्हाला काही कळेना. मग तिनं सांगितलं ते असं. 1981च्या दिवाळीनंतर कारखान्यानं माणसं कमी केली. त्या भागात तेव्हा सगळीकडेच कपात सुरू होती, 1982च्या अखेरीला तर अख्ख्या अमेरिकेत बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली. काकांची नोकरी गेली आणि पुढची मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, तेवढ्यावर घर चाललं. ताई आठ वर्षांची. तिला बेकारी वगैरे काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की सकाळी आई निघून जाते आणि बाबा वेणी घालतो.

"पहिल्या आठवड्यात भयंकर घालायचा. मग त्यानं डोकं लावलं. तीन पेड ताणून धरायचे, ताण सारखा ठेवायचा, ओढायचं नाही. मला म्हणायचा, हे ताण्यासारखं आहे, एक बाजू ढिली पडली की सगळं वाकडं. रबर लावायचा नाही, केस तुटतात म्हणायचा. दोऱ्यानं बांधायचा आणि अशी बारीक गाठ मारायचा, की शाळेत कुणाला सुटायची नाही. घरी आल्यावर तो एका हातानं सोडायचा." ती थोडं थांबून म्हणाली, "माझं सगळ्यात चांगलं वर्ष आहे रे ते."

ट्रंकेच्या तळाशी माझ्या वडिलांची वही होती. शंभर पानी, कव्हर गेलेलं. आलेल्या प्रत्येक ड्राफ्टची तारीख आणि रक्कम. मी 1982चं पान काढलं. जानेवारी ते डिसेंबर, बारा नोंदी. एकही महिना गाळलेला नाही. रकमाही त्याच, आदल्या वर्षीइतक्याच. फक्त जूनपासून ड्राफ्ट महिन्याच्या पाच तारखेऐवजी वीस-बावीसला यायला लागले होते आणि तिथं वडिलांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उशीर'.

विमानाच्या तिकिटाला तेव्हा काय पडत असेल याचा हिशेब भाचा मनातल्या मनात करत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कुणी काही बोललं नाही. आत्यानं वही माझ्या हातून घेतली, डोळ्यांजवळ नेली, दिसलं नाही तसं परत दिली आणि विचारलं, "धाकट्याला माहीत होतं?"

मी नाही म्हणालो.

रात्री झोपायच्या आधी आत्या केस मोकळे सोडून जात्याजवळ बसली होती. पांढरे, विरळ. ताई तिच्या मागे जाऊन बसली आणि वेणी घालायला लागली. मी बाहेरच्या खोलीतून बघत होतो. तीन पेड, सारखा ताण. टोकाला तिनं पत्रांच्या गठ्ठ्याचं सूत तोडून बांधलं. आत्यानं हात मागे नेऊन ती गाठ चाचपली. तुटलेला धागा जोडताना मागावर जी गाठ मारतात, ती. आत्या लहानपणी कांड्या भरून द्यायची, तिच्या बोटांना ती पाठ असणार. बराच वेळ ती नुसती चाचपत राहिली. मग म्हणाली, "लाईट काढ गा. वीजबिल कोण भरणार."

चौथा दिवस : एका माणसाची तीन नावं, आणि कुंदा

हा दिवस कार्यालयात गेला. कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच असावं. वारस लावायला तीन कागद दाखवले. काकांचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. घराचा उतारा कन्नडमध्ये. मृत्यूचा दाखला अमेरिकेतला, इंग्रजीत. तिन्हीत नाव वेगळं. शाळेच्या दाखल्यात आडनावाच्या शेवटी 'कर', उताऱ्यात ते उडालेलं आणि बापाच्या नावाच्या जागी आडनाव येऊन बसलेलं. अमेरिकेत त्यांनी स्वतःच मधलं नाव एका अक्षरावर आणून ठेवलेलं, कारण तिकडे ते कुणाला उच्चारता येत नव्हतं.

टेबलामागचा तरुण सज्जन होता, मराठी छान बोलत होता, पण त्याचा नाइलाज होता. हे तिघंही एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागणार. बाहेर टंकलेखकानं ठरलेला मजकूर काढला : वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून भिन्न नाही. साक्षीदार म्हणून आत्याला रिक्षानं आणलं. नोटरीनं रिवाजाप्रमाणे विचारलं, हे तिघं एकच का? आत्या म्हणाली, "एकच की. आम्हाला दोन कुठनं परवडूलेत?" आणि सहीच्या जागी तिनं तीन मिनिटं लावून पूर्ण नाव लिहिलं.

परदेशातल्या नातेवाइकांची अशी कामं असतील तर : मृत्यूच्या दाखल्यावर त्या-त्या राज्याच्या सरकारचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, तिकडूनच करून आणा, इथं आल्यावर ते होत नाही. वंशावळीचा दाखला आधी काढून ठेवा. कन्नड कागदांचं भाषांतर करून देणारे कार्यालयांच्या बाहेरच बसतात. आणि नावाचं स्पेलिंग जिवंतपणीच सगळीकडे एक करून टाका, हे मी आता घरी प्रत्येकाला सांगत सुटलोय.

दुपारी मोकळे झालो ते वडगावला. पावरलूमचा खटखटाट अजून काही गल्ल्यांत ऐकू येतो, पूर्वीइतका नाही. भाच्याला एका शेडमध्ये नेलं. मालकांनी कौतुकानं आत बोलावलं, पण आत बोलणं शक्यच नव्हतं, ते खुणांनी सांगत होते. धागा तुटला की माग आपोआप थांबतो हे बघायला पोरगा अर्धा तास उभा राहिला. पाणी कुठनं जातं विचारणाऱ्याचाच नातू. आमच्या घरात हातमागासाठी जमिनीत खड्डा होता, तो आता फरशीखाली गेलाय आणि त्यावर आत्याचा फ्रिज आहे.

संध्याकाळी कपिलेश्वराचं दर्शन घेऊन बाजारात. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली हा भाग पायीच फिरायचा, गाडी आत घालण्याचा वेडेपणा करू नका. कुंदा घ्यायचा. दूध-खवा-साखर आटवत आटवत तपकिरी दाणेदार होईपर्यंत हलवत राहायचं, एवढंच त्याचं गुपित, पण बेळगावाबाहेर तो जमत नाही खरा. ताजा असेल तर हातात कोमट लागतो. दुकानदार चव द्यायला लाजत नाहीत, मागा. चारेक दिवसांत संपवा.

मांडे मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. आत्याच्या ओळखीच्या बाईंकडे करताना बघायला मिळाले. उपडं मातीचं खापर चुलीवर तापत होतं. बाईंनी साखर-वेलचीचं सारण भरलेली पोळी दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत खेळवत मोठी केली, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा, आणि एका झटक्यात खापरावर टाकली. काही क्षणात उचलून गरम असतानाच रुमालासारखी घडी. गार झाली की ती घडी उलगडत नाही, मोडते. ताईनं डझनभर घेतले. काकूला मिल्वॉकीला न्यायचे होते. तिचं म्हणणं, निम्मे जरी धड पोचले तरी पुरे.

पाचवा दिवस : परत

सकाळी सहाला निघालो. आत्यानं बासमती तांदळाची पिशवी दिली आणि ताईला म्हणाली, "परत कवा येतोस?" ताई म्हणाली, "पुढच्या वर्षी येतो बघ." भाच्यानं आजीच्या पाया पडताना 'मी जातो' म्हटलं, तर आत्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "येतो म्हणायचं." त्याच्या आईनं शिकवायचं राहून गेलं होतं बहुतेक.

घाटात धुकं नव्हतं. कोल्हापुरात मिसळ खाल्ली, त्याबद्दल लिहायची गरज नाही, लोकांनी बरंच लिहिलंय. वडिलांची वही मी पुण्याला घेऊन आलो. 1982चं पान परत काढून बघितलं. 'उशीर' हा शब्द सात ठिकाणी आहे.

दोन महिन्यांनी कार्यालयातल्या त्या तरुणानं व्हॉट्सअपवर नवीन उताऱ्याचा फोटो पाठवला. वारस लागले होते. ताईचं आणि तिच्या भावाचं नाव बिनचूक होतं. त्यांच्या बापाचं नाव मात्र चौथ्याच स्पेलिंगनं छापून आलं होतं. मी आत्याला फोन करून सांगितलं, परत अर्ज करावा लागेल.

"राहू दे," ती म्हणाली. "पाऊस आहे इकडं. पोरगी कवा येऊलीय ते सांग."